मोगली एरंड

जालन्यात आज बँक बंद, तहसील बंद.
सरकारी सुट्टी म्हणून गल्लीतल्या पोरांनी
सकाळीच स्टंप ठोकले,
आणि दूधवाला नेहमीसारखा म्हणाला,
'हॅपी गुड फ्रायडे, कंपाउंडर साहेब.'
मीही नेहमीसारखं थँक्यू म्हणालो.
त्याचा बापही असंच म्हणायचा.

पहाटे सुवार्ताचा फोन होता, जमैकाहून.
तिकडं अजून गुरुवारची संध्याकाळ.
जमैका म्हटलं की आमच्या घरात पूर्वी
फक्त फास्ट बॉलर यायचे.
आता तिथं माझी मुलगी लोकांना सलाइन लावते.
म्हणाली, उद्या अख्खं बेट गप्प असतं, पप्पा.
मनुकांचा पाव खातात, चीजचा जाड तुकडा घालून.
दिवस उगवायच्या आत पाण्याच्या ग्लासात
अंड्यातला पांढरा भाग सोडतात
आणि उन्हात त्याचं जहाज होतंय की शवपेटी,
बघत बसतात.
आणि बरोबर बाराला एका झाडाला चाकू मारतात.
आज त्यातून रक्त येतं म्हणे.

झाडाचा फोटो आला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.
अगं, हे तर आपलं कुंपण!
मिशन दवाखान्यामागची मोगली एरंडाची रांग,
जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.
तू त्याच्या चिकाचे फुगे करायचीस.
'हो ना,' ती म्हणाली,
'इतक्या लांब येऊन ओळखीचं कोण भेटलं, तर हे.'

बारा ते तीन चर्चमध्ये.
पंखे गरम हवाच ढवळत होते.
सात शब्द, सात जण. पाचवा, तहानेचा,
दरवर्षी आमच्या गल्लीला देतात.
का, ते जालन्यात कुणी विचारत नाही.
यंदा निर्मळबाई उभ्या राहिल्या
आणि पहिल्याच वाक्याला तीन-चार मोबाईल थरथरले:
नळ आला. दहा दिवसांनी.
मागच्या बाकावरच्या बाया चपला हातात घेऊन निसटल्या.
पाळकांनी डोळे मिटून घेतले.
निर्मळबाई थांबल्या,
आपली सून गेली का बघितलं,
मग पुढं बोलल्या.

उपासना सुटल्यावर मी कुंपणाकडं गेलो.
खिशात आंबे कापायची सुरी.
'काका, सुट्टीच्या दिवशी काय कापायलेत?'
वॉचमन इलियासनं विचारलं.
बघतो, म्हटलं. काय बघतो, ते सांगता येईना.
सालीला हलका चरा दिला.
आला तो चीकच. पाण्यासारखा, जरा फेसाळ.
'आमच्यात दातदुखीला लावतात,' इलियास म्हणाला.
मी देठाचं वळं केलं, चिकात बुडवलं, फुंकलं.
उत्तम शुक्रवारी, उपाशीपोटी,
पांढऱ्या सदऱ्यात, एकाहत्तराव्या वर्षी
एक फुगा.
इलियासनं तो फुटेपर्यंत पाहिला
आणि काही बोलला नाही.

रात्री सगुणानं सदरा दिव्याखाली धरला.
बाहीवर, मनगटापाशी,
दुपारी जिथं काहीच नव्हतं,
तिथं तांबूस काळपट डाग.
'चिकाचा आहे, निघायचा नाही.
सुवार्ताच्या सगळ्या फ्रॉकना होता.'
बादली आज काठोकाठ भरलेली,
तरी तिनं घासायला घेतला नाही.

साडेदहाला फोन वाजला. तिकडं नुकतेच बारा.
मागं माणसांचा गलका,
कुणीतरी लहान मूल रडत होतं.
'पप्पा, नुसतं पाणीच निघालं.'

वाळू दे, मी म्हटलं.