नग दोन

जहाज सुटायला सात मिनिटं असताना
मारिव्हिक शिडीवरून धावत खाली आली,
पिवळं पाकीट माझ्या हातात कोंबलं.
"केबिन सहाशे बारा, अजून नाही."
तिजोरी दोघांनी मिळून उघडली होती,
दोघांच्या सह्या होत्या. तिसरी माझी.
मग ती वर गेली, शिडी वर गेली,
आणि कोसुमेलच्या धक्क्यावरून
चौदा मजल्यांचं एक गाव
भोंगा वाजवत निघून गेलं.

बंदर-एजंट म्हणतात मला. एलेउतेरियो कानूल.
बावीस वर्षं मागे राहिलेल्यांची वाट पाहतोय.
ती येतात कशीही:
भाड्याच्या मोपेडवर, अर्धी भाजलेली,
एकाच्या हातात तर नारळ होता, स्ट्रॉसकट.
सगळ्यांचं म्हणणं एकच, घड्याळात तर अजून तास आहे.
आहे ना. बेटाच्या घड्याळात आहे.
जहाजाचं घड्याळ जहाजाबरोबर गेलं.

पाकीट उघडून पाहणं माझं कामच आहे.
निळे दोन पासपोर्ट, कॅनडाचे,
एकमेकांना पाठ लावून,
भाजीच्या जुडीला असतं तसलं रबर गुंडाळलेलं.
दोन आहेत, म्हणजे माणसं दोन,
म्हणून मी बेनिग्नाच्या हॉटेलात दोघांची खोली सांगितली,
दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्या.

ती एकटीच आली.
सत्तरीची. चपला हातात.
पळत नव्हती. पळून उपयोग नाही
हे तिला लांबूनच दिसलं असावं.
ब्लाउजच्या आतून पासपोर्टची झेरॉक्स काढली,
चौघडी, घामानं मऊ झालेली.
"मूळ प्रत तिजोरीत, झेरॉक्स अंगावर,
ॲम्ब्रोजचा नियम आहे," म्हणाली.
मी म्हटलं, शहाणे आहेत तुमचे ॲम्ब्रोज.
कुठे राहिले मागे?

ती पाकिटाकडे पाहत राहिली.
मी रबर सोडलं.
वरचा तिचा. विनिफ्रेड ओक्स, सॅस्काटून.
खालच्याचा कोपरा कात्रीनं कापलेला.

कोपरा कापलेला पासपोर्ट मला कळतो.
संपलेला असतो, किंवा माणूस.
फोटोतला चष्मेवाला गंभीर,
सरकारला हसू चालत नाही म्हणून,
तरी ओठाच्या एका बाजूला
काहीतरी दडवून ठेवलेलं.

मी काय बोलणार?
सवयीनं तोंडातून निघालं तेच,
जे मी सगळ्यांना सांगतो:
बाई, दोन पासपोर्ट कधी एकत्र ठेवू नयेत.
एक हरवला तर दुसरा तरी राहतो.

बोललो आणि जीभ चावली.

ती मात्र हसली. मोठ्यानं,
बांधलेल्या बोटी हलल्यासारखं वाटावं इतकं.
"अगदी हेच," म्हणाली, "अगदी हेच म्हणायचा तो."
आणि रबर माझ्या बोटांतून घेऊन
दोन्ही परत बांधले. पाठीला पाठ.

दुसरी बाटलीही तिनंच संपवली.
दिवसभर पूर्वेच्या किनाऱ्यावर बसले होते, सांगितलं,
तिथल्या लाटा पोहू देत नाहीत,
नुसत्या बघायच्या.
घड्याळ बघितलं होतं का, विचारलं.
"दोनदा," म्हणाली,
आणि पुढे काही नाही.

सकाळी विमानतळावर
तिनं खिडकीत एकच पुढे सरकवला,
दुसरा मुठीत.
शिक्का बसला, तशी मूठ जराशी हलली.
परवा रोआतानला जहाज गाठेल.
गाठलं की नाही ते मला कुणी कळवत नाही.

महिन्याअखेर कंपनीच्या कचेरीतून पत्र:
पावती क्रमांक अमुक,
नग दोन, व्यक्ती एक,
फरकाचा खुलासा करावा.

मी दोन दिवस कागद टेबलावर ठेवला.
बेनिग्ना म्हणाली, चूक झाली म्हणून लिही, सुटशील.
शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
फरक नाही.
खाली सही, शिक्का, तारीख,
आणि वेळ. बेटाची.