घडाला पिशवी

फिरके मेडिकलमध्ये ट्यूब आता काउंटरवरच असते,
खोकल्याच्या गोळ्यांशेजारी. पाचशे वीस रुपये.
"दोन बोटं भरून घ्यायची ताई, दर तीन तासांनी,"
फिरके सांगतो, आणि स्वतः
शटरच्या सावलीत आणखी आत सरकतो.
सावद्याला आज शेहेचाळीस आहे.

माझं काम केळीच्या कातडीचं.
घड निसवला की फण्या मोजायच्या,
कमळ मोडायचं,
निळी पिशवी चढवून वरचं तोंड बांधायचं.
डाग नको, चट्टा नको,
पान घासल्याची रेघसुद्धा नको.
बाहेरदेशी जाणाऱ्या मालाला
कधी ऊन लागलं होतं हे कळता कामा नये.

पिशव्या दहा बायका चढवतात.
मी वहीत आकडे लिहिते.
तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल,
हातांत त्या बाजारात मिळणाऱ्या बाह्या,
कातडीच्या रंगाच्या,
माझ्या कातडीपेक्षा दोन छटा उजळ.

लोक म्हणतात, केळीच्या बागेत गारवा असतो.
असतो, दिवाळीत.
मे महिन्यात वारा पानं फाडून टाकतो
आणि ऊन पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर येतं.

पहिल्याच दिवशी हुरमाबाई तडवीनं विचारलं,
"तोंडाले चुना फासला का व माय?"
सगळ्या हसल्या. मीही हसले,
आणि पन्नास नंबर घामाबरोबर डोळ्यांत उतरला.

आई म्हणते, लावत जा.
मावशी म्हणते, नुसतं लावून काय होतंय,
शेतावरची नोकरीच सोड.
काकूचा फोन : रविवारी पुण्याची मंडळी येतायत,
तोवर दही-बेसन लाव,
आणि चहा देताना हात फार पुढे करू नको.
भाऊ म्हणतो, गोव्याला लोक पैसे मोजून काळे होतात,
तुला तर वर पगार मिळतो.
तो दिवसभर क्रिकेट खेळून येतो.
त्याच्या मानेकडे कोणी बघत नाही.

दुपारी डबे सुटले. कळण्याची भाकरी, ठेचा.
हात धुवायला मी बाही उतरवली, घड्याळ काढलं.
मनगटावर पांढरी पट्टी.
"हे पाहा, अजून शिल्लक हाये,"
हुरमाबाई म्हणाली, आणि बांगड्या कोपराकडे सारून
तिनं स्वतःची दाखवली.
मग ज्याच्या त्याच्या पट्ट्या निघाल्या.
ब्लाउजच्या बाहीखाली,
जोडव्याखाली,
कपाळावर पदर संपतो तिथे.
हाताला हात लावून रंग जुळवणं चाललं,
साडीला पीस जुळवतात तसं.

केवळबाई सपकाळे भाकरी मोडत राहिली.
"तुही दाखव की व," कोणीतरी म्हणालं.
तिनं दोन्ही मनगटं पुढे केली.
मोकळी. बोटांपासून कोपरापर्यंत एकच रंग.
"मागच्या पोयाले उतरवल्या," ती म्हणाली.
"ह्या उन्हायात भरून आलं."

हुरमाबाईनं ठेचा तिच्याकडे सरकवला.
मी पर्समधून ट्यूब काढली,
कशाला ते मलाही कळलं नाही.
केवळबाईनं झाकण उघडलं, वास घेतला.
"केयीले नाही का लावता येत हे?
पिशव्या तरी वाचतीन."
मग बोटभर घेऊन
तिनं ते टाचेच्या भेगेत नीट दाबून भरलं,
उरलेलं पदराला पुसलं
आणि उठली.
पलीकडच्या ओळींतले चारशे घड
अजून उघडे होते.