शून्य ते पस्तीस

पुस्तिकेच्या चौथ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात
लिहिलंय : हे यंत्र शून्य ते पस्तीस अंशांत वापरावे.
पस्तीस!
भुसावळात पस्तीसला आम्ही गोधडी काढतो.

कूलर आहे तो. घड्याळ नाही, कॅमेरा नाही.
उन्हाशी भांडायलाच जन्मलेली वस्तू,
आणि तिलाच ऊन सोसत नाही.

एकतीस वर्षं लोको शेडमध्ये काढली मी.
इंजिन तापलं की पाठीवर हात ठेवायचा,
कळायचं कुठलं बेअरिंग कण्हतंय.
ह्याच्या पाठीवर हात ठेवला
तर हा पासवर्ड मागतो.

निरंजननं पाठवला, पुण्याहून.
"बाबा, तुम्ही नुसतं बोलायचं, की सुरू होतो."
बोललो.
मराठीत बोललो, रेल्वेच्या हिंदीत बोललो,
शेवटी आमच्या बोलीत,
"तुले पायजे तरी काय रे भो?"
आणि वर दोन शब्द, जे इथे लिहीत नाही.
निळा दिवा लागला. आतून एक बाई म्हणाली,
क्षमा करा, मला समजलं नाही.
भिंतीपलीकडून भारंबेकाकू म्हणाल्या,
बरं झालं, नाही समजलं.

मग अटी आल्या. बासष्ट पानं.
सातबारा वाचावा तशा वाचल्या, बोट ठेवून.
त्याला माझा ठावठिकाणा हवा.
अरे, तू माझ्याच घरात उभा आहेस ना?
त्याला माझ्या ओळखीच्यांची यादी हवी.
का, सगळ्यांना वारा घालणार आहेस?
"मान्य" असं एकच बटण होतं.
"विचार करून सांगतो" असं बटण
त्यांच्याकडे कुणी बनवलेलंच नाही.

एकोणीस मे. सेहेचाळीस अंश. दुपारी दोन.
पडद्यावर आलं : सर्व्हर उपलब्ध नाही.
हा सर्व्हर कुठल्या गावचा, देव जाणे,
पण जिथे असेल तिथे त्याला एसी असणार,
एवढं मी लिहून देतो.

फोन लावला. संतूर वाजलं.
तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
पुन्हा संतूर.
तेवढ्यात पॅसेंजर जळगावला पोचते, सिग्नल मिळाला तर.
मग एक पोरगा आला, आवाजावरून विशीतला.
"सर, एकदा बंद करून परत सुरू करा."
"बाळा, तो सुरूच होत नाही. बंद कसा करू?"
गप्प झाला बिचारा. त्याच्या कागदावर पुढचं नव्हतं.
त्याच्या डोक्यावर एक पंखा करकरत होता,
फोनमधून ऐकू येत होता.
म्हटलं, ग्रीस घालायला सांग त्याला.
हो म्हणाला. पहिल्यांदाच मनापासून.

संध्याकाळी खडका रोडवरनं इलियास आला,
पत्र्याचे कूलर बनवणारा, हाताला वाळ्याचा वास.
पाठ उघडली, बॅटरी मारली, हसला.
"मोटर एक नंबर आहे, चाचा. डोकं तेवढं जास्तीचं."
डोकं काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं,
खारी बिस्किटाएवढं.
कंपनीचं नाव फक्त त्याच्यावरच होतं.
तिथे वीस रुपयांचं काळं बटण बसवलं.
खट्.
गॅरंटी गेली, वारा आला.
भारंबेकाकू खुर्ची घेऊनच आल्या.

महिनाअखेर मोबाइल वाजला :
अभिनंदन! आपण या महिन्यात शून्य युनिट वापरलेत.
आपण आमचे आदर्श ग्राहक आहात.
कृपया पाचपैकी तारे द्या.
एक दिला. मोटर गुंडाळणाऱ्या हाताला,
ज्याचं नाव पुस्तिकेत कुठेच नाही.

रात्री निरंजनचा फोन.
मागे घरघर ऐकून खूश झाला.
"बाबा, बोलूनच सुरू केलात ना?"
हो म्हटलं.
इलियासशी बोललो, सुरू झाला.