ऊन पाणी

जपानहून भाचीनं फोटो पाठवला:
डोंगरात वाफाळतं तळं, काठाला चपला जोडीनं लावलेल्या,
डोक्यावर पंचाची घडी ठेवून
गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या तीन म्हाताऱ्या.
खाली लिहिलं होतं,
मावशी, इथं वाटेत सगळीकडे तुझ्या दुकानाचा वास येतो.

धाकलू झोरे बाळहिरड्याचं पोतं उतरवत होता.
त्याला दाखवला.
मोबाइल लांब धरून त्यानं पाहिलं, मग म्हणाला,
“आमच्यातबी व्हतं की. ऊन पानी.
धरनात गेलं.”

पस्तीस वर्षं हा माणूस माझ्या तराजूपुढं उभा राहतो,
मुरुडशेंग, वावडिंग, धायटीची फुलं,
आणि हे एवढं कधी बोलला नाही.
म्हटलं, उद्या रविवार. दाखव.

यवतेश्वरचा घाट चढताना
सीटचा पट्टा त्यानं दोन्ही हातांनी धरला,
ओढाळ शेळीचं दावं धरावं तसा.
कासला फुलं नव्हती, म्हणून माणसं नव्हती.
तिकिटाच्या खोपटाला कुलूप,
काळा कातळ तापलेल्या तव्यासारखा,
आणि कडेला अंजनी,
फांदीला चिकटून निळीजांभळी फुललेली,
जिला बघायला कुणी पावती फाडत नाही.

दर वळणाला तो म्हणे, थांबव.
एकदा कुड्याच्या सालीसाठी, एकदा नुसतं लघवीला,
एकदा तोडलेल्या नरक्याचा खुंट दाखवायला.
“ह्येची लाकडं ट्रकानं गेली. क्यान्सरला लागतंय म्हनं.
आमच्या वाडीत क्यान्सर झाला,
तवा औशिद पुन्यासनं आनलं.”
मी गिअर बदलला.
दोन हंगाम नरक्या मीही घेतला होता,
किलोच्या भावानं, आणणाऱ्याला नाव न विचारता.
ते तो बोलला नाही.
मीही नाही.

बामणोलीला गाडी सावलीत लावली.
पाणी पार आत हटलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या.
जुन्या शेतांचे बांध वर आलेले,
एक जोतं, जात्याची एक तळी.
धाकलू आता भरभर चालू लागला,
मधेच सपाट चिखलाला वळसा घालून.
मी सरळ निघाले तर हाक मारली,
“तिकडनं नगं, बाई. त्ये गुरवाचं अंगन.”

मग एका जागी थांबला. चपला काढल्या,
जोडीनं ठेवल्या.
“हितं. बाळंतिनीला हितं आनायचे.
निरगुडीचा पाला टाकून शेकायचे.
मी सात वर्सांचा. आईच्या पाटीला पानी वतलंय मी, लोट्यानं.
मंग एका साली पानी आलं, त्ये गार.”

मी मनगटापर्यंत हात घातला.
चिखल कोमट.
पण एप्रिलातला दीड वाजलेला;
दगड कोमट, बाटलीतलं पाणी कोमट,
कानातलं सोनंसुद्धा.
ऊन डोक्यावरचं आणि ऊन पायाखालचं,
दोघांना शब्द एकच दिलाय आपण.
हाताला विचारलं, हाताला सांगता येईना.

“लागलं?”

म्हटलं, दिवस बुडेस्तोवर बसू.
बाकीचं निवेल. हेच ऊन राहिलं, तर तेच.
मी दुकानदार आहे, माल पारखून घ्यायची सवय.

त्यानं पाण्याकडं पाहिलं, पलीकडच्या रानाकडं पाहिलं,
चपला घातल्या.
“नगं. तुमास्नी घाट चढायचाय अंधाराचा.”

अजून तीन तास उजेड होता.

वाटेत त्यानं निरगुडी तोडली, चांगली मिठीभर,
डिकीत टाकली, कशाला ते सांगितलं नाही,
आणि कासच्या अलीकडं तोंड उघडं टाकून झोपला.

रात्री भाचीला फोटो पाठवला:
भेगाळलेला चिखल, दोन जुन्या चपला.
तिनं लगेच विचारलं, तळं कुठंय?

निरगुडी अजून डिकीतच आहे.
वाळून कुरकुरीत झाली.
गिऱ्हाईक दोनदा विचारून गेलं,
मी नाही म्हटलं.