टिंबांचं तळं

पहिल्या दिवशी मी फळ्यावर बाण काढला
आणि म्हटलं, नकाशात वर असते ती उत्तर.
एकोणतीस माना वर गेल्या.
छताला पंखा होता, पंख्याला जळमट.
"बाई, उत्तर पंख्यात हाय?"
विचारणारा हसत नव्हता. मलाच हसू आलं.

मग भिंतीवरचा जिल्हा खाली उतरवला,
बारा तालुक्यांसकट फरशीवर पसरला,
कोपरे वळू नयेत म्हणून चार डबे ठेवले,
एकातून लसणाच्या चटणीचा वास.
उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा,
हे पुस्तकातलं वाक्य
ढगांनी आठवडाभर खोडून ठेवलेलं.
प्रणोती म्हणाली, किरणोत्सवाला ऊन
महाद्वारातनं आत शिरतंय न्हवं, ती मावळत.
"मावळत म्हणजे पश्चिम," मी म्हटलं.
"त्येच की," ती म्हणाली.
महाद्वाराच्या बाजूला तोंड करून वर्ग उभा राहिला,
उजवे हात लांब, बोटं नदीकडे.
बाणाला आता कुणी वर बघेना.

प्रमाणावरून मात्र भांडण झालं.
एक सेंटिमीटरला शंभर पावलं, ठरलं,
पण पावलं कुणाची?
विघ्नेशच्या घरापासून शाळा चारशे बारा,
त्याच्या धाकट्या बहिणीला तीच सहाशे सत्तर,
तालमीत जाणारा मामा म्हणे अडीचशेत पोचतो.
तिघांचे तीन नकाशे ठेवले.
गल्ली तिन्हींत मावली.

शनिवारी दोन-दोनच्या रांगेनं कपिलतीर्थ मंडईत गेलो.
अल्फियाचे वडील तराजू खाली ठेवून म्हणाले,
"पोरांनो, तुम्ही हुबं हाय तितं तळं हुतं.
माझ्या आज्यानं सांगितलंय,
त्याला त्याच्या आज्यानं."
लगेच कुणीतरी चप्पल काढून तळवा पाहिला.
कोथिंबिरीच्या जुडीतून थेंब उडाले,
पण ते बादलीतले होते.

वर्गात आल्यावर पेच पडला.
सूचीत निळा म्हणजे पाणी. असलेलं पाणी.
नसलेल्याला कुठला रंग द्यायचा?
मी खडू हातात धरून उभी,
डी.एड.ला हे कुणी विचारलं नव्हतं.
अल्फियानं मंडईभोवती निळी टिंबं दिली,
जीभ दाताखाली धरून, एकेक,
आणि खाली लिहिलं: टिंबं म्हंजे हुतं.
'हुतं'चं 'होतं' मी केलं नाही.

विघ्नेश इतका वेळ गप्प होता.
त्याच्या कागदावर कुंभार गल्ली, पाण्याचा नळ,
बिनरंगाच्या गणपतींची रांग,
आणि सगळ्यावरून आडव्या निळ्या रेघा.
"घरात नदी काढत न्हाईत," शेजारचा म्हणाला.
"येती," विघ्नेश म्हणाला.
"जामदार क्लबाला पाणी लागलं की आमी माळ्यावर.
त्या साली टेम्पो मिळाला न्हाई.
सगळ्यांची परत माती झाली."
पावलं मोजून सांगावीत तसं सांगितलं त्यानं.
सूचीत दुसरी ओळ चढली:
रेघा म्हंजे येतं.

श्रावणात केंद्रप्रमुख आले. चष्मा सरकवून म्हणाले,
ही चिन्हं पाठ्यपुस्तकात नाहीत.
"न्हाईत," वर्गानं एका सुरात मान्य केलं.
ते बराच वेळ नकाशापुढे उभे राहिले.
मग एका जागी बोट टेकवून, जरा हळूच,
"गांधी मैदानाला काय, टिंबं का रेघा?"
"दोन्ही!"

संध्याकाळी मंडईतून घरी निघाले,
एका हातात दोडके, मेथी, तपासायच्या वह्या.
फरशी कोरडी होती.
तरी दुसऱ्या हातानं
मी साडीचा काठ जरा वर धरला.