मेणाचा गुडघा

मोतमाउलीच्या पायथ्याशी कार्मेलीनबाईंनी
मेणाचा गुडघा तीनदा उलटासुलटा करून पाहिला.
"डावा नाय रं, उजवा दे."
मेणाला कसलं डावं-उजवं?
ओठांवर आलं होतं,
पण माझ्या पिशवीत त्यांचा एक्स-रे होता
आणि काल मीच डॉक्टरला दोनदा विचारलेलं:
उजवाच ना? नक्की?

वीस वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहतो
आणि देव नाही म्हणून सांगतो, जरा मोठ्यानंच.
वीस वर्षं खालून ईस्टरचं मार्झिपान येतं.
माझ्या नावाची एक मेणबत्तीही लावतात.
भांडलो होतो त्यावरून.
"तुज्या पैशानं लावतंय काय?"
विषय संपला.

चढताना खांदा माझा.
एका पायरीला प्रार्थना, पुढचीला शिवी.
मी मोजत होतो; मोजल्याशिवाय मला राहवत नाही.
तेविसावीला दोघंही बसलो,
त्यांचा गुडघा, माझा दम.
खाली ओहोटी. कुणीतरी खडकांत कालवं फोडत होतं.

त्या आत गेल्या.
मी बाहेर, कठड्याशी,
एक्स-रे उन्हात धरून उभा:
हाडही तसलंच, मेणासारखं.

"काय मागितलंत?"
"मंगलवारी डॉक्टरचा हात थरथरू नको."

मी गप्प.
रात्रभर मी तेच घोकत होतो,
कुणाला उद्देशून, ते माहीत नाही.

उतरताना मोजायचं राहून गेलं.
"हलू रं," त्या म्हणाल्या,
"इथं मेण सांडलंय."