तिसरा नग

म्हापशाच्या कोर्टातून सुटलो तेव्हा सव्वा वाजला होता.
सतरा पानांवर सह्या,
प्रत्येक पानावर बाबांचं नाव निराळ्या स्पेलिंगचं.
संपला इन्व्हेंतार, वकील म्हणाला, आता तोंड गोड करा.
घनश्यामला पाव आणि पातळभाजी हवी होती.
मी म्हटलं, आज नको. आज आसगावला,
ते नवीन उघडलंय तिथं. बुधवारच आहे.

ते घर माझ्या ओळखीचं निघालं.
दोतोर मिनेझिस राहायचे इथं,
माझ्या कानातला चिंचोका
त्यांनी याच खोलीत चिमट्यानं काढला होता.
शिंपल्यांच्या खिडक्या तशाच, फरशी तशीच,
वर मात्र बांबूचे दिवे,
आणि दारात गाडी लावून देणारा मुलगा,
ज्याला घनश्यामनं स्कूटरची चावी दिली नाही.

"तीन नग, सातशे पन्नास," त्यानं मोठ्यानं वाचलं,
"म्हणजे एक अडीचशेला. शालन, एवढ्यात माणूस
बेळगावला जाऊन परत येतो."
एकतीस वर्षं कदंबाचा कंडक्टर.
पण काड्या आल्या, आणि शिकवायला वाकलेली पोरगी
(छातीवर नाव रिनपुई, गाव विचारलं तर आयझॉल)
तशीच वाकलेली राहिली.
त्याच्या बोटांना ठाऊकच होतं सगळं.
चोर्ल्याच्या वळणांवर, एका हातानं दांडी धरून,
दुसऱ्या हाताच्या फटींत
दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा
कधी एकमेकींत गेल्या नव्हत्या.

झाकण उचललं. चष्मा गेला.
चष्मा आला तर तीन.
पातळ पारीतून आतली कोळंबी दिसत होती,
गुलाबी, वाकलेली, लहान मुलाच्या कानासारखी.
"मोदक म्हणू नकोस," घनश्याम म्हणाला,
"सगळेच म्हणत असतील."
चावला. थांबला.
"सुंगटंच की गं. पण काय सुंगटं!"
आलं होतं, तिळाचं तेल होतं, आणि आणखी काहीतरी,
जे जिभेला कळतं पण नाव सांगत नाही.

त्यानं एक. मी एक.
मग आम्ही चहा पीत बसलो,
मोगऱ्याचा वास येणारा, बिनसाखरेचा,
आणि टोपलीकडे बघायचं टाळलं.

रोहिदास बोटीवरच्या भटारखान्यात होता.
ब्याऐंशी साली हाँगकाँगहून त्याचं पत्र आलं होतं:
इथं सकाळी म्हाताऱ्या बायका गाडे ढकलत येतात,
झाकणं उचलून दाखवतात.
मला भाषा येत नाही. मी नुसतं बोट दाखवतो
आणि पोट भरतं.
आई ते पत्र शेजारणींना वाचून दाखवायची,
म्हणायची, एक नग आहे माझा.
पुढं पत्रं विरळ झाली.
शेवटचा फोन मोंबासाहून, आवाज तुटत होता,
मी "कधी येतोस" विचारलं
आणि माझाच आवाज मला परत ऐकू आला.
चौदा वर्षं झाली त्याला.
कोर्टानं पेपरात दोनदा नोटीस दिली.
कायदा आपला कायदा:
माडांचे तीन भाग, विहीर तिघांची,
तिसरा हिस्सा त्याच्या नावावर, तो येवो न येवो.

रिनपुईनं विचारलं, नेऊ का?
आम्ही दोघांनी एकदमच झाकणावर हात ठेवला.
अजून गरम होतं.

"बांधून दे," घनश्याम म्हणाला.
एवढ्याशा नगाला खोका, खोक्याला फीत, फितीला पिशवी.
बिल त्यानं दिलं, नोटा तीनदा मोजून.
बाहेर पायऱ्यांवर म्हणाला,
"घरी नेऊन कावळ्याला ठेवू नकोस हां.
तो जिवंत आहे."
नाही ठेवत, म्हटलं.

आणि नाही ठेवला.
रात्री फ्रिजच्या उजेडात उभ्यानंच खाल्ला.
पारी चिवट झालेली, कोळंबी गार,
आलं, तीळ, आणि ते नाव न सांगणारं, तसंच.

सकाळी घनश्यामचा फोन.
"आहे ना?"
"आहे," म्हटलं.